ढिल्या

"तिबुर्सिओने उभ्या जन्मात कधी थोपटलं नाही!" जेनिवाल न्हाव्याने टेबलावर मूठ आपटली. "तेव्हा हातमोजे नव्हते, फेऱ्या नव्हत्या. मारा, पिरगाळा, गळा आवळा, सगळं चालायचं. त्या काळातला न थोपटलेला दुसरा गडी दाखव, माझं दुकान तुझं."

"तुझ्या त्या दोन बोथट कात्र्या घेऊन काय करू?" झेका कोळी म्हणाला. "सगळ्यांत मोठा आमच्या माराजो बेटाचा सेवेरो. विषय संपला."

"सेवेरो? त्याला तर आपल्या दोना नझारेनेही लोळवला असता."

"मला मध्ये ओढू नकोस," गल्ल्यामागून दोना नझारे म्हणाली. "आधी तुलाच लोळवीन."

बेलें शहराच्या मासळीबाजारामागच्या त्या गुत्त्यात दर शनिवारी दुपारी हाच वाद. आमच्याकडे लोक राज्यपालाचं नाव विसरतील, पण जुन्या लढवय्यांत थोर कोण, यावर ताटावरून उठून भांडतील. आणि शेवटी गाडी यायची ती थोपटण्यावर. पकडीत सापडलेला गडी समोरच्याच्या अंगावर हाताने थोपटतो. म्हणजे हरलो, सोड. समोरच्याने त्या क्षणी सोडायचं. विचार करायचा नाही. त्या भरवशावरच तर आमच्या आखाड्यांतल्या माणसांचे हातपाय शाबूत राहिले.

कोपऱ्यात अनिबाल एकटाच असाईच्या फळांच्या गराचा वाडगा आणि तळलेला मासा घेऊन बसला होता.

"ए ढिल्या, तू बोल की," जेनिवाल ओरडला. "गडी तुझ्याच काखेत होता ना? मग सुटला कसा?"

हशा पिकला. अनिबालही थोडं हसला. या नावाची त्याला सवय झाली असेल, असं सगळ्यांना वाटायचं.

तरुणपणी भर मैदानात त्याने तिबुर्सिओची मान काखेत दाबून धरली होती. तिबुर्सिओचा डावा हात त्याच्या पाठीमागे होता आणि पंच दुसऱ्या बाजूला. अनिबालला बरगडीखाली दोन बोटं जाणवली. हलकेच थोपटत होती. त्याने लगेच सोडलं आणि पंचाकडे पाहिलं. पंचाने खूण केली, चालू द्या. पुढचा ठोसा त्याला दिसलाच नाही. डोळे उघडले तेव्हा लोक तिबुर्सिओला खांद्यावर घेऊन नाचत होते.

"त्याने थोपटलं होतं," असं तो तेव्हा सांगत सुटला. लोकांनी टिंगल केली. पंचाला दिसलं नाही ते घडलं नाही. बायको म्हणायची, "माझा आहे विश्वास," पण ती ते एखाद्या आजाऱ्याशी बोलावं तसं म्हणायची. मग त्याने सांगणंच सोडलं. खरं काय ते जगात दोघांनाच ठाऊक होतं, आणि दुसरा कधी तोंड उघडत नव्हता. विहिरीत पडलेला माणूससुद्धा इतका एकटा नसेल. बायको गेली. आताशा तर त्याला स्वतःचीच शंका यायची. खरंच होती का ती बोटं? की आपण घाबरून सोडलं, आणि बोटं नंतर मनानेच रचली? रात्रंदिवस त्याला हाच प्रश्न खात होता.

तेवढ्यात दारात चाकांची खुर्ची आली आणि सगळ्यांच्या माना तिकडे वळल्या. खुर्चीत तिबुर्सिओ होता. अर्धांगाच्या झटक्याने त्याची वाचा आणि उजवं अंग गेलं होतं. मागे त्याची भाची होती.

"सकाळपासून इकडेच बोट दाखवतोय मामा," ती म्हणाली. "कधी या बाजूला फिरकला नाही. आज काय घेतलंय डोक्यात, देव जाणे."

जेनिवाल धावला. "वस्ताद, तुम्ही नुसती मान हलवा! कधी थोपटलंत का हो?"

तिबुर्सिओने त्याच्याकडे पाहिलंच नाही. त्याने डावा हात उचलला. तो हात कोपऱ्याकडे वळला.

"ढिल्या, तुला बोलावतायत. ऊठ की! एवढा मोठा माणूस आलाय दारात."

अनिबालला उठायचं नव्हतं. पण सगळे बघत होते. तो गेला. खुर्चीतल्या माणसाची गळाभेट घ्यायची तर वाकावं लागतं. तो वाकला, त्याने हात पुढे केले, आणि तिबुर्सिओचं डोकं घसरून त्याच्या काखेत आलं. म्हाताऱ्याचा डावा हात त्याच्या पाठीमागे गेला.

बरगडीखाली दोन बोटं लागली. त्याच जागी. हलकेच थोपटू लागली.



बोटं थांबली. म्हाताऱ्याने दम घेतला. मग पुन्हा थोपटलं, या वेळी सावकाश, समजावून सांगावं तसं. अनिबालच्या शर्टाला ओल लागली. म्हातारा रडत होता. बाकी सगळे दुसऱ्या बाजूला उभे होते. आजही कुणाला काही दिसलं नाही.

"काय रे, काय म्हणतायत वस्ताद?" झेकाने विचारलं.

अनिबालने डोळे मिटले होते, आणि त्याचे हात आणखी आवळले होते.

"काका, दमेल हो मामा," भाची म्हणाली.

"अरे ढिल्या, पुरे!" जेनिवाल ओरडला. "सोड आता त्यांना!"

या वेळी अनिबालने सोडलं नाही.