सागाची उघडी चौकट

हात थरथरायला लागल्यापासून दत्तारामांनी रंधा माळ्यावर टाकला होता. आता सून ऊर्मिला कॉम्प्युटरचे सुटे भाग मांडून सांगत होती, "बाबा, बंद डब्यात हे फार तापतं. मला लाकडाची उघडी चौकट करून द्या."

"दुसरा सुतार बघ. माझ्याने आता सरळ रेघ ओढवत नाही."

"रेघ मी ओढते. रंधा तुम्ही मारा."

चार दिवसांत सागाची चौकट उभी राहिली. ऊर्मिलाने तिच्यावर एकेक भाग बसवला, तारा जोडल्या. "बटण तुम्ही दाबा," ती म्हणाली.

पंखे फिरले, पडदा उजळला. दत्ताराम वाकून सांधे न्याहाळत होते. कुठेच फट नव्हती. ते स्वतःशीच हसले.

"माझ्या मैत्रिणीलाही अशीच हवीय."

"तिला फणसाची करू. पिवळंधमक लाकूड शोभून दिसेल."