विषयाची व्याप्ती

त्या संशोधक मुलीच्या पत्राला सरांनी नऊ वर्षांत उत्तर दिलं नव्हतं. ते टेबलाच्या खणात, शब्दकोशाखाली होतं. जेमतेम चार ओळी: ‘सर, फेलोशिपसाठी तीनदा अर्ज केला. तिन्ही वेळा आपला एकच शेरा आला, विषयाची व्याप्ती कमी करावी. आधी नदीवरच्या सगळ्या नावाड्यांची बोली घेतली होती. मग एकाच धक्क्यावरची. मग त्या धक्क्यावरच्या सात म्हाताऱ्यांची. अजून किती कमी करू? येत्या मार्चला वयोमर्यादा संपतेय.’

निवृत्तीनंतर विद्यापीठाने सरांना पुन्हा निवड समितीवर घेतलं होतं. आज सकाळी नव्या प्रस्तावांचा गठ्ठा उघडला. चौथा प्रस्ताव दुसऱ्याच पानावर कळेनासा झाला, आणि पेनाने आपोआप लिहिलं, ‘विषयाची व्याप्ती’. सर तिथेच थांबले. शब्द खोडले. मग खण उघडला.

दुपारी बायको चहा घेऊन आली, तेव्हा पायाशी कागदाचे पाच बोळे पडले होते.

“एवढं काय लिहिताय?”

सरांनी सहावा कागद पुढे केला. तिने उभ्याउभ्याच मोठ्याने वाचलं, “‘तुमच्या विषयाची व्याप्ती योग्य होती. तुमच्या प्रस्तावातले ते आवाजाचे आलेख मला कळले नव्हते. एखादी गोष्ट कळली नाही की आम्ही हाच शेरा लिहीत असू.’” तिने मान वर केली. “तिन्ही वेळा कळलं नाही?”

“पहिल्यांदाच कळलं नाही. मग पुढे विचारायची लाज वाटली. समितीत मीच सगळ्यांत ज्येष्ठ.”

“भिंतभर पुस्तकं वाचलीत. ‘मला कळत नाही’ एवढं एक वाक्य कुठे सापडलं नाही तुम्हाला?”

सरांनी पेनाला टोपण लावलं.

तिचा आवाज उतरला. “अहो, आता तिला याचा काय उपयोग? ते काम ती आता थोडंच करणार आहे?”

“कसं करेल? ते नावाडे तेव्हाच ऐंशीला टेकले होते.”

“मग झाकली मूठ राहू द्या की झाकलेली.”

“मूठ माझी झाकलेली राहिली. हात तिचे रिकामे राहिले.”

तिने चहा टेबलावर ठेवला. थोड्या वेळाने चपला घालून ती दारात उभी राहिली. “चला. एकटे गेलात तर कोपऱ्यावरून परत याल.”

टपालपेटीपाशी तिने पाकीट हातात घेतलं, उलटसुलट केलं.

“पाठवणाऱ्याचा पत्ता कुठाय?”

“राहिला.”

“राहिला, की राहू दिलात?”

सरांनी पेन काढलं. पेटीच्या लोखंडावर पाकीट टेकवून नाव लिहिलं, घर क्रमांक, रस्ता. शेवटी, कुणी न विचारता, फोन नंबरही लिहिला.

“ती भांडायला आली तर?” बायकोने विचारलं.

“येऊ दे.”

“दार मी उघडणार नाही हं.”

“मीच उघडेन.”

पाकीट पेटीच्या तोंडाशी अडकलं. सरांनी ते दोन बोटांनी आत ढकललं, आणि ते पडल्यावरही बोटं बराच वेळ तशीच आत राहिली.