ओटीचं ताट

सांगितलं तर कोणी खरं मानणार नाही, पण कोलशेतच्या प्रीतमने घरच्या गणपतीपुढे, भर आरतीत, कान धरून उठाबशा काढल्या! दारात संचिता उभी होती ना! तिची पाळी लांबली, तेव्हा या शूराने नंबरच ब्लॉक केला. मेडिकलच्या पायरीवर ती एकटीच रडत बसली. काल मात्र पाळी आली. पोरीने डोळे पुसून मैत्रिणीच्या फोनवरून थाप ठोकली, “अजून आलेली नाही. आरतीला येते. सगळ्यांसमोर कबूल कर, नाहीतर मीच बोलते.” त्याने कान धरून कबूल केलं, तिचं काळीज निवलं. तोच त्याची आई ओटीचं ताट घेऊन धावली, “ये सूनबाई, देवापुढे बस.” सवयीने संचिता मागे सरली, “नको काकू, लांबूनच नमस्कार करते.” टाळ कुटणारी आजी खेकसली, “आगो, तुझी पाळी चालू हाय! मंग पोटात काय, मोदक?”