चुन्याची पट्टी

निजामाच्या अमलात पाथरीकडच्या एका चावडीच्या भिंतीला भेग पडली. तिच्यावर नागप्पा गवंड्यानं चुन्याची आडवी पट्टी बसवली. भेग वाढली की पट्टी तडकणार. म्हणून दर अमावास्येला काम बंद ठेवून तो ती पाहून जाई. त्याबद्दल गाव वर्षाला पायलीभर जवारी देई. यंदा पाटील त्याच भिंतीशी लोडाला टेकून म्हणाले, “सहा वर्षांत पट्टी तुटली न्हाई. मग जवारी कशाची द्यायची रे?” “सहा वर्षं तुमी हितं बिनघोर बसलाव, त्याची,” नागप्पा म्हणाला. बैठक हसली. “बंद करा त्याची जवारी!” पाटलांनी फर्मावलं. नागप्पानं छिन्नी काढली आणि दोन ठोक्यांत पट्टी पाडली. “आता भेगेलाच इचारत जा.” हसू थांबलं. पाटलांनी वर भेगेकडं पाहिलं, लोड उचलला आणि दाराशी नेऊन टाकला. नागप्पा अंगणात नव्या पट्टीसाठी चुना भिजवायला बसला.