दाराबाहेरचा वर्ग

पैलवान दार ओढून बाहेर आला आणि जिन्यात श्वास रोखून उभा राहिला. हातात कचऱ्याची पिशवी होती. ती कचरा टाकायला निघाल्याच्या नाटकापुरती, आत नुसते जुने पेपर कोंबलेले होते.

"आज रडला नाहीत ना?" कुत्र्यांच्या शेल्टरच्या ताईंनी दबक्या आवाजात विचारलं.

"मी कशाला रडू?"

"काल रडलात. म्हणून पिल्लू रडलं."

ते खोटं नव्हतं. काल निघताना त्याने पिल्लाचे पुढचे दोन्ही पाय हातात धरून निरोप घेतला होता. दारातून दोनदा परत फिरला होता. "बाबा लवकर येतो हं" म्हणताना बाहीने डोळे पुसले होते. एवढा निरोप लोक बोटीने जाणाऱ्या माणसालाही देत नाहीत. पिल्लाने त्यातून घ्यायचा तो अर्थ घेतला आणि सगळी इमारत डोक्यावर घेतली.

पैलवान हे त्याचं नुसतं टोपणनाव. अंगापिंडाने तसा म्हणून पडलेलं. काम लिफ्ट दुरुस्तीचं, आणि रजा आज संपत होती. उद्यापासून बटण, म्हणजे ते पिल्लू, दुपारपर्यंत घरात एकटं राहणार होतं. शेजारच्या काकांनी सोसायटीच्या सेक्रेटरीकडे तक्रार केली होती: एकतर कुत्र्याचं ओरडणं बंद होईल, नाहीतर कुत्रं जाईल. शेवटी ठरलं की आज अर्धा तास पाहायचं. ओरडलं, तर ताईंनी त्याला शेल्टरला न्यायचं. त्यासाठी जाळीचा रिकामा पिंजरा त्यांनी बरोबरच आणला होता. काका साक्षीदार म्हणून जातीने हजर होते, आणि गुडघे दुखतात म्हणून त्याच पिंजऱ्यावर टेकले होते.

"आमच्याकडे जी कुत्री मोठी होऊन येतात ना," ताई कुजबुजल्या, "त्यांच्यात काही खोट नसते हो. पिल्लू लहान असताना मालकाला कुणी साधं घराबाहेर पडायला शिकवलेलं नसतं. म्हणून मी आधीच घरोघर जाते. पिंजरे भरण्यापेक्षा जिने चढलेले परवडले."

आतून करकर असा आवाज आला.

"खुर्ची कुरतडतंय," पैलवान म्हणाला. त्याचा चेहरा उजळला. "कुरतडू दे. दोन्ही खुर्च्या कुरतडू दे."

"खेळणं दिलं होतं ना मी?" ताई.

"ते सकाळीच संपलं."

तिघेही पुन्हा दाराकडे कान देऊन राहिले. वरच्या मजल्यावरची एक बाई पिशव्या सावरत जिना उतरत आली. काकांनी ओठांवर बोट ठेवलं. कुणी आजारी आहे का, असं तिने खुणेनेच विचारलं आणि चपला हातात घेऊन ती खाली गेली.

तेवढ्यात काकांचा फोन वाजला. खिशात असला की ऐकू येत नाही म्हणून त्यांनी आवाज पार वरपर्यंत नेऊन ठेवलेला होता. खिशातून काढून आवाज बंद करेपर्यंत जिना दणाणून गेला.

आतली करकर थांबली. मग बारीक आवाज आला. "कुंऽऽ."

पैलवानाचा हात कडीवर गेला. काका ताडकन उठले आणि त्यांनी त्याचं मनगट धरलं. खरं तर ते मनगट त्यांच्या दोन्ही हातांत मावणारं नव्हतं.

"खबरदार! रडताना दार उघडलंस तर ते काय शिकेल? रडलं की दार उघडतं, हेच ना? गप्प झालं की जायचं. आणि गेल्यागेल्या कौतुक नाही. आधी आपण पाणी प्यायचं, मग त्याच्याकडे बघायचं. ताई किती वेळा सांगतात तुला?"

ताईंनी काकांकडे वळून पाहिलं. हे सगळं त्यांनी पैलवानाला सांगितलं होतं, घरात बसून. काकांना एका शब्दाने नाही. पण तक्रारीला पुरावा हवा म्हणून काका आठवडाभर मधल्या भिंतीला कान लावून होते. पुरावा मिळाला तो मिळालाच. वर अख्खा अभ्यासक्रमही पदरात पडला होता.

"काका," ताई म्हणाल्या, "आता तुम्ही ओरडू नका."

काकांनी मनगट सोडलं. आत पुन्हा एकदा "कुं" झालं, अर्ध्यावरच विरलं. नखांची टिकटिक ऐकू आली, दारापर्यंत आली, दारापासून लांब गेली. मग थप्प करून काहीतरी फरशीवर पडलं, आणि एवढ्याशा जिवाला न शोभणारा एक लांबलचक सुस्कारा. त्यानंतर काही नाही. लोक गाणं ऐकतात तसे ते तिघे ते 'काही नाही' ऐकत राहिले.

अर्धा तास झाला. पैलवान जिन्यावर बसला आणि त्याने पिशवीनेच तोंड पुसलं.

"माझी आठवणसुद्धा काढली नाही हो त्याने."

"तेच शिकवायला आले होते मी," ताई म्हणाल्या.

त्याने मान डोलावली. सुटकाही झाली होती आणि थोडा तोटाही. दोन्ही बाजू चेहऱ्यावर एकदमच दिसत होत्या.

काकांचा फोन पुन्हा थरथरला. सेक्रेटरी होते. मघाचा फोनही त्यांचाच.

"हां, बोलतोय," काका म्हणाले. "कुत्रं? नाही बुवा, ओरडलं नाही. ओरडला तो तुमचा फोन. काय? तक्रार? कसली तक्रार? ती फाडून टाका."

पैलवान आत गेला. पिल्लाकडे न बघता सरळ ओट्यापाशी जाऊन तो पाणी प्यायला. बटणाने एक डोळा उघडला आणि शेपटी फरशीवर आपटली.

काका उंबऱ्यात घुटमळले. "मी यायला हरकत नाही ना?"

"या की," पैलवान म्हणाला. "पण हात लावायचा नाही, डोळ्यांत बघायचं नाही. त्याला यायचं तर ते येईल."

काका आत आले. हात पाठीमागे बांधून, मान वर करून छताकडे बघत उभे राहिले, जणू पंख्याची पाती मोजायलाच बोलावलं होतं. पिल्लू उठलं, आलं आणि त्यांच्या सपाता हुंगायला लागलं. काकांची मान जरासुद्धा खाली झाली नाही. फक्त डाव्या पायाचा अंगठा हळूच हलला.