आजोळचं हाड

"सांग तेका, ह्यां हाड आजोळचां," दत्ताराम म्हणाला. सुमंगलाने स्वतःविषयीचं ते वाक्य मान खाली न घालता इंग्रजीत सांगितलं.

मेजापलीकडे ओकुमुरा बसला होता. डिचोलीच्या खाणीतलं खनिज बोटीने जपानला जायचं, ते तपासायला तो आला होता. दत्तारामचे ट्रक त्याच खाणीवर चालत, म्हणून साहेबाला जेवायला घरी आणायचा मान त्याने मागून घेतला होता. त्याला इंग्रजी येत नव्हतं, मुलीला येत होतं. ठेंगणी म्हणून तीन स्थळांनी नाकारल्यावर 'उंची नाही तर शिक्षण तरी दाखवू' म्हणत त्याने तिला म्हापशाच्या कॉलेजात घातलं होतं. गोवा राज्य झालं त्या वर्षी ती बी. ए. झाली. त्यानंतर आणखी दोन स्थळं आली आणि चहा पिऊन परत गेली. शेवटी लाटंबार्स्याचा शिवदास ठरला. बिजवर, काजूच्या बागायतीचा मालक, वयाने जवळजवळ दत्तारामच्याच बरोबरीचा. त्याची माणसं संध्याकाळी साखरपुडा करायला येणार होती.

उंचीचा विषय निघाला तो पाहुण्यामुळेच. घरात शिरताना त्याचं डोकं चौकटीला लागलं आणि दत्ताराम बघतच राहिला. जपानी माणसं बुटकी असतात, असं तो लहानपणापासून ऐकत आला होता. मग त्यालाही दाखवायची हौस आली. त्याने थोरल्या सतीशला भिंतीशी उभं केलं आणि सुमंगलाला त्याच्या शेजारी. ती भावाच्या खांद्यालाही पोचत नव्हती. आईबाप एकच, घर एकच, पण पोरीने आजोळचं हाड उचललं, हे त्याला पाहुण्याला समजावून द्यायचं होतं. भात वाढणारी प्रभावती ते ऐकत होती. नवऱ्याच्या तोंडून तिने ते इतक्यांदा ऐकलं होतं की तिचा हात थबकलाही नाही.

ओकुमुराने मात्र नकारार्थी मान हलवली. मोडक्या इंग्रजीत, शब्द शोधत तो बराच वेळ बोलला. आमच्याकडेही म्हातारी माणसं हाडालाच दोष देत, म्हणाला. त्याच्या गावच्या देवळात जुन्या लढवय्यांची चिलखतं आहेत, ती आजच्या शाळकरी पोरांच्या अंगात जायची नाहीत. त्याचा आजा ठेंगणा होता, बाप थोडा उंच झाला. मग लढाई आली. थोरली बहीण त्या उपासमारीत लहान होती, आई तिला रताळ्याचा पाला उकडून घालायची. त्याचा स्वतःचा जन्म लढाईनंतरचा. त्याला शाळेत दुपारी पाव मिळे आणि दूध मिळे. आज बहीण त्याच्या छातीला लागते.

एवढं बोलून त्याने सतीशकडे बघितलं, मग सुमंगलाकडे. ही लहान होती तेव्हा गोव्यात दुष्काळ पडला होता का, असं त्याने अगदी हळू, दुखऱ्या जागेला हात लावावा तसं विचारलं.

सुमंगलाने प्रश्न बापाला सांगितला. दत्ताराम हसला.

"दुष्काळ? ह्या घरात? गोठ्यात दोन म्हशी होत्यो. सतीशाक शेर शेर दूध पाजलंय. चेडवाक कित्याक घालूचा? ती जावची परक्याच्या घरा. सांग तेका."

मुलीला दूध दिलं नाही, हे सांगताना त्याला लाज वाटत नव्हती. आंब्याला खत घातलं आणि कुंपणाला घातलं नाही, असं सांगावं तसं त्याने ते सांगितलं.

सतीशच्या ओठावरची दुधाची पांढरी मिशी सुमंगलाला आठवत होती आणि आपला गुळाचा कोरा चहाही. त्यात काही वावगं आहे, असं तिला कधी वाटलं नव्हतं. तिने राग धरला होता तो आईवर. तिसरं स्थळ मोडलं त्या दिवशी ती आईला म्हणाली होती की असलं अंग देण्यापेक्षा मला विहिरीत ढकललं असतंस तर बरं झालं असतं. तेव्हापासून तिने प्रभावतीला आई अशी हाक मारली नव्हती. प्रभावतीनेही कधी उलट उत्तर केलं नव्हतं.

"हो," सुमंगला पाहुण्याला इंग्रजीत म्हणाली. "दुष्काळ होता."

ओकुमुराने हातातला घास खाली ठेवला आणि तिच्यापुढे मान लववली. पाहुणा आपल्या म्हशींना मान देतो आहे, असं वाटून दत्तारामने त्याला आणखी माशाचं हुमण वाढायला सांगितलं.

गाडी गेल्यावर सुमंगला स्वयंपाकघरात आली. प्रभावती संध्याकाळच्या माणसांसाठी नारळ खवत होती. अंग हाडाने नाही, खाण्यापिण्याने वाढतं असं पाहुणा म्हणाला, ते तुला माहीत होतं का, असं सुमंगलाने तिला विचारलं. प्रभावतीने मानेनेच हो म्हटलं. मग इतकी वर्षं दोष माहेरावर का घेतलास, असं सुमंगलाने विचारलं तेव्हा तिचा आवाज चढला होता.

प्रभावतीने आधी बाहेर नवरा कुठे आहे ते पाहिलं.

"दुधाचा नाव काढला असता तर तेंनी दूध तपासला असता," ती म्हणाली. "सतीशाच्या दुधात पाणी घालून मी तुका वाटीभर पाजी. रोज. सासू न्हावक जाय तेव्हा."

तिने विळी बाजूला सारली. मुलीकडे तिने पायापासून डोक्यापर्यंत बघितलं, उंच माणसाकडे बघावं तसं.

"म्हणान तू इतकी तरी झालंस. तुझ्याआधी दोन चेडवां झाली, ती दुसरां वरीस बघूक नायत. तेव्हा माका दूध चोरूक भय वाटलां."