शिक्क्याचा कागद

रंधा मारायच्या यंत्रासाठी कर्ज मागायला गेलेल्या सुताराचा क्रेडिट स्कोअर पाहून बँकेतल्या साहेबांनी त्याला पाणीसुद्धा न विचारता वाटेला लावलं. सुतार इरेला पेटला. त्याने थकलेले हप्ते फेडले, एक क्रेडिट कार्ड पटाशीने तोडून टाकलं, दुसऱ्या कार्डाचं बिल दर महिन्याला तारखेआधी भरलं आणि मित्रांच्या पार्ट्या बंद केल्या. दोन वर्षांनी तो पुन्हा साहेबांसमोर उभा राहिला.

"सातशे नव्वद! बसा, बसा. किती कर्ज देऊ?"

"नको. दंड, व्याज आणि पार्ट्या वाचल्या, त्यातच यंत्र आलं."

"मग आलात कशाला?"

"हा आकडा शिक्का मारून द्या. 'जावयाला काडीची पत नाही,' असं सासरे लग्नापासून ऐकवतात. सागवानी फ्रेम तयार आहे, त्यांच्याच दिवाणखान्यात ठोकणार आहे."